बिल आमचं, रकाना दुसऱ्याचा

सरकारला कर मिळाला होता. पूर्ण मिळाला होता, वेळेत मिळाला होता आणि तो मिळाल्याची नोंद जीएसटीच्या पोर्टलवरच होती. तरीही तोच कर व्याज आणि दंडासकट पुन्हा भरा, अशी नोटीस आम्हाला आली. ती मागे घ्यायला लावण्यात आमचा एक अख्खा सीझन गेला. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या आसपासच्या काही कारखानदारांनी अशाच नोटिशीला घाबरून पैसे भरून टाकले. त्यांना योग्य कागद कोणता हे वेळेत कळलं असतं, तर कदाचित ते वाचले असते.

कुपवाड एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं लहानसं युनिट आहे. क्राफ्ट पेपरची रिळं आणायची, कोरुगेशन, पेस्टिंग, कटिंग, स्टिचिंग करायचं आणि खोकी बांधून पाठवायची. फेब्रुवारी लागला की तासगाव-सांगलीकडून बेदाण्याच्या खोक्यांची मागणी सुरू होते आणि एप्रिल संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. मशीन आणि गिऱ्हाइकं मिस्टर बघतात. हिशेब, बँक आणि जीएसटी माझ्याकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून एकही रिटर्न मी चुकवलेलं नाही. महिन्याची २० तारीख जवळ आली की बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते काम करते.

२०२४ च्या जानेवारीत आमचे कन्सल्टंट रिटर्न भरताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॉगिनमध्ये डीआरसी-०१ पडलीय. बघितली नाही का?"

डीआरसी-०१ म्हणजे कर भरा म्हणून येणारी मागणीची नोटीस. पण ती कुठे बघणार? तेव्हा पोर्टलवर नोटिशींसाठी दोन वेगळ्या जागा होत्या. एक साधी 'नोटिसेस अँड ऑर्डर्स', दुसरी 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स'. पहिली मी अधूनमधून उघडत होते. तिथे काही नव्हतं. छाननीची आणि मागणीची नोटीस यायची ती दुसरीत, हे पोर्टलवर मला कुठेही दिसलं नव्हतं. ईमेल शोधला, एसएमएस शोधले, काहीच नव्हतं. त्या दुसऱ्या जागी डीआरसी-०१ च्या खाली आणखी एक जुनी नोटीस होती, एएसएमटी-१०. म्हणजे आधी खुलासा मागितला होता, तो आमच्याकडून गेला नाही म्हणून पुढची पायरी चढली होती. कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिलेत त्यात पोर्टलवर उपलब्ध करून देणं हाही एक आहे, त्यामुळे कागदोपत्री ती 'बजावलेली' होती. या मुद्द्यावर देशभरातल्या उच्च न्यायालयांत कितीतरी व्यापारी गेलेत आणि अनेकांना पुन्हा म्हणणं मांडायची संधी मिळालीय. पण पावणेतीन लाखांच्या नोटिशीसाठी उच्च न्यायालयात जाणं आमच्यासारख्याला परवडतं का? दर महिन्याला रिटर्न भरल्याचा मेसेज न चुकता येतो. मग पैसे मागणारी नोटीस आल्याचा मेसेज न येणं मला आजही मान्य नाही.

नोटीस होती २०१८-१९ सालची. कर १,३८,२४० रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. त्यावर १८ टक्क्यांनी व्याज, जवळजवळ एक लाख अठरा हजार. शिवाय दंड: कराच्या १० टक्के किंवा १०,००० यात जे जास्त ते. केंद्र आणि राज्य वेगळे धरल्याने दोन्हीकडे दहा-दहा हजार. सोबतच्या तक्त्यात तीन आकडे होते. ३बी, म्हणजे कर भरायच्या आमच्या रिटर्नमध्ये आम्ही घेतलेलं क्रेडिट, २ए, म्हणजे विक्रेत्यांच्या नोंदींवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या उताऱ्यात दिसणारं क्रेडिट आणि दोन्हींतला फरक. कुठला विक्रेता, कुठलं बिल, कुठला महिना, काही नाही. ज्या मशीनने हा फरक काढला तिच्याकडे ओळन् ओळ होती. आम्हाला फक्त बेरीज मिळाली.

ज्यांचा जीएसटीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही कागद घेताना विक्रेत्याला कर देतो. तो कर विक्रेता सरकारजमा करतो. आम्ही खोकी विकून जो कर गोळा करतो त्यातून हा आधी दिलेला कर वजा करून उरलेला भरतो, हेच क्रेडिट. विक्रेत्याने आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये आमचा जीएसटी नंबर टाकून बिल चढवलं की ते आमच्या २ए मध्ये आपोआप दिसतं. तो नंबर १५ अक्षरांचा. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅन. विक्रेत्याने नंबर न टाकता तेच बिल बी-टू-सी, म्हणजे किरकोळ ग्राहकाच्या रकान्यात टाकलं, तर सरकारला कर तितकाच मिळतो, पण आमच्या नावावर काहीच दिसत नाही.

नेमकं तेच झालं होतं. हे शोधण्यासाठी मी त्या वर्षाचं महिन्या-महिन्याचं २ए उतरवून घेतलं आणि टॅलीच्या खरेदी रजिस्टरशी एकेक ओळ ताडून बघितली. हे काम दिवसा होत नाही. दिवसा पोर्टल रेंगाळतं आणि कारखान्यात फोन थांबत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर बसायचं, लॉगिन करायचं, कॅप्चाचे आकडे टाकायचे. रजिस्टरमध्ये थोडा वेळ डोकं घातलं की इकडे सेशन संपलेलं, पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा. शेवटी सापडलं. जानेवारी ते मार्च २०१९ मधली एकाच विक्रेत्याची सहा बिलं. तीही बेदाण्याच्या सीझनला घेतलेल्या रिळांची. एकूण माल ११,५२,००० रुपयांचा, क्राफ्ट पेपरवर तेव्हा १२ टक्के कर. आकडा तंतोतंत जुळला.

जुळल्याचं समाधान क्षणभरच टिकलं. कारण ते विक्रेते म्हणजे कोल्हापूरचे एक वयस्कर व्यापारी, आणि त्यांनी कोरोनाच्या काळात धंदा बंद करून जीएसटी नंबरही रद्द करून घेतलेला. 

इथे एक गोष्ट मला कळकळीने मांडायची आहे. २०१८-१९ मध्ये २ए शी जुळवूनच क्रेडिट घ्या असा नियमच नव्हता. उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेच प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलं होतं, की २ए ही करदात्याच्या सोयीसाठी आहे, त्याने स्वतः हिशेब करून क्रेडिट घेण्याच्या हक्काला त्यामुळे बाधा येत नाही. जुळणीचा नियम, ३६(४), आला ऑक्टोबर २०१९ मध्ये. तेव्हा २० टक्क्यांपर्यंत फरक चालत होता, जानेवारी २०२० पासून १० टक्के, वर्षभराने ५ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून अजिबात नाही. महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं २बी हे क्रेडिटचं विवरण तर २०२० च्या मध्याला आलं. म्हणजे जेव्हा आम्ही क्रेडिट घेतलं तेव्हा हातात बिल होतं, माल आला होता, पैसे चेकने दिले होते, आणि कायद्याला अपेक्षित होतं ते सगळं आम्ही केलं होतं. पुढे नियम घट्ट होत गेले आणि पाच वर्षांनी त्याच घट्ट नियमांच्या नजरेने जुना हिशेब तपासला गेला.

मूळ आराखड्यात विक्रेत्याचं १, खरेदीदाराचं २ आणि मग ३ अशी तीन रिटर्न होती. खरेदीदाराला २ मध्ये "हे बिल माझं आहे, विक्रेत्याने चढवलेलं नाही" असं सांगायची सोय होती. ती दोन्ही रिटर्न स्थगित झाली आणि तात्पुरती म्हणून आणलेली ३बी कायमची झाली. त्यामुळे विक्रेत्याच्या रकान्यात काय पडलंय हे बघायचं, पण त्याला हात लावायचा नाही, अशी खरेदीदाराची गत झाली. लहान उद्योजकाच्या बहुतेक मनस्तापाचं मूळ मला इथे दिसतं. पोर्टल संथ आहे, २० तारखेला गोल फिरत बसतं, हा त्रास आहेच. २०२५ च्या जानेवारीत तर ते ऐन मुदतीच्या तोंडावर बंद पडलं आणि जीएसटीआर-१ ची तारीख ११ वरून १३ करावी लागली. पण संथपणा एक रात्र जागून निभावतो. दुसऱ्याच्या चुकीची दुरुस्ती आपल्या हातात नसणं निभावता येत नाही.

नोटिशीला उत्तर द्यायला मिळालेल्या मुदतीतले थोडेच दिवस उरले होते. कन्सल्टंटनी आधी मुदतवाढीचा अर्ज टाकला. कायद्यात सुनावणी तीनदा पुढे घेता येते, त्याचा आधार होता. मग ते म्हणाले, "१८३ नंबरचं परिपत्रक बघा. तुमचंच प्रकरण आहे त्यात."

२७ डिसेंबर २०२२ चं ते परिपत्रक मी छापून घेतलं आणि पेन्सिलीने खुणा करत वाचलं. २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांसाठी, ३बी आणि २ए मध्ये फरक आला तर अधिकाऱ्याने काय करायचं ते त्यात लिहिलंय. चार प्रकार दिलेत. विक्रेत्याने जीएसटीआर-१ भरलंच नाही पण ३बी भरली. जीएसटीआर-१ भरलं पण हे बिल राहिलं. बिल बी-टू-सी मध्ये टाकलं. किंवा दुसऱ्याच कुणाचा नंबर टाकला. तिसरा प्रकार आमचा. एका विक्रेत्याकडच्या वर्षभराच्या क्रेडिटमधला फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो, त्यावर यूडीआयएन हा त्या दाखल्याचा ओळख क्रमांक असतो. पाच लाखांपर्यंत असेल तर खुद्द विक्रेत्याचा दाखला चालतो: माल खरंच दिला आणि त्यावरचा कर माझ्या ३बी मधून भरला. एवढंच. हीच सवलत पुढे जुलै २०२३ च्या १९३ नंबरच्या परिपत्रकाने एप्रिल २०१९ ते डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळालाही दिली, नंतरच्या नियमाच्या मर्यादेत. ज्यांच्याकडे अजून त्या वर्षांचं प्रकरण अडकलंय त्यांनी हे दोन कागद जवळ ठेवावेत.

ही सवलत नोटिशीच्या वर्षभर आधीपासून होती. नोटिशीत तिचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. "पुढील दाखला आणल्यास क्रेडिट मान्य होईल" एवढं लिहिलं असतं तर किती जणांची झोप शाबूत राहिली असती.

मी आणि मिस्टर कोल्हापूरला गेलो. त्या व्यापारी काकांनी बसवून घेतलं, चहा झाला, मी विषय काढला तसे ते कावरेबावरे झाले. "वहिनी, मी टॅक्स भरलाय की सगळा. तुमचा पैसा मी कशाला ठेवीन?" त्यांना वाटलं आम्ही आरोप करायला आलोय. मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं या माणसाने आम्हाला उधारीवर कागद दिलेला. मी त्यांना समजावलं की तुम्ही भरलाय हे आम्हाला ठाऊक आहे, फक्त ते दाखवायचंय. सही करायला ते लगेच तयार झाले, पण दाखल्याबरोबर त्या तिमाहीचं त्यांचं रिटर्न जोडलं तर बरं, असं कन्सल्टंटनी सांगितलेलं.

त्यासाठी त्यांच्या लॉगिनमध्ये जायला हवं. पासवर्ड कुणाला माहीत? त्यांचं सगळं काम एक अकाउंटंट बघायचा, तो आता पुण्याला. २०१७ मध्ये नोंदणी करताना घाईत बऱ्याच जणांनी केलं तेच काकांच्याही बाबतीत झालेलं. मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही त्या मुलाचे. कर अधिकाऱ्याकडे अर्ज करून ते बदलून घेता येतात, पण तितका वेळ आमच्याकडे नव्हता. त्याला फोन लावला. मुलगा भला. ऑफिसमधून बाहेर येऊन उभा राहिला. मी लॅपटॉपवर 'फरगॉट पासवर्ड' दाबलं, युजर आयडी टाकला, कॅप्चा टाकला. ओटीपी त्याच्या फोनवर गेला. तो आकडे वाचतोय, काका कानाला फोन लावून ते मोठ्यांदा म्हणतायत, मी टाइप करतेय, आणि काकांना ऐकू कमी येत असल्याने 'छप्पन्न' की 'छत्तीस' यात पहिला ओटीपी वाया गेला. दुसरा यायला वेळ लागला. तोवर पुण्याच्या मुलाला त्याच्या साहेबांनी आत बोलावलं. तो परत येईपर्यंत आम्ही तिघंही त्या पडद्याकडे बघत बसलो. अखेर पासवर्ड बदलला.

ओटीपी कुणाला सांगू नका हे आपण रोज ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या माणसाला स्मार्टफोन धड येत नाही त्याच्या धंद्याची किल्ली मोबाइल नंबरात ठेवली की ती दुसऱ्याच्या खिशात जाणारच. काकांचा दोष मी मानत नाही. त्यांनी आयुष्यभर कार्बन टाकून बिलं फाडली, हिशेब चोख ठेवला. त्या मुलाचाही फारसा मानत नाही. तिमाहीची बिलं एका बैठकीत चढवताना प्रत्येकाचा १५ अक्षरी नंबर टाकण्यापेक्षा दराप्रमाणे एक बेरीज टाकणं सोपं पडलं असेल. पोर्टलने ते विनातक्रार घेतलं. चूक सुधारायची मुदतही सप्टेंबर २०१९ च्या रिटर्नबरोबर संपून गेली होती. म्हणजे ज्या काळात दुरुस्ती शक्य होती त्या काळात कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा दुरुस्तीचं दार बंद.

रिटर्न उघडलं आणि नवी अडचण पुढे आली. बी-टू-सी मध्ये एकेक बिल दिसत नाही. राज्यांतर्गत विक्रीची दराप्रमाणे एकच ओळ असते. १२ टक्क्यांच्या पुढे एक मोठा आकडा. त्यात आमची सहा बिलं आहेत हे कशावरून? मग काकांनी माळ्यावरून बिलबुकं काढली. हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असा कायदा आहे. काकांना कायदा ठाऊक नव्हता, पण बिलबुक टाकायचं नसतं हे ठाऊक होतं. धुळीने काळी झालेली ती पुस्तकं जमिनीवर पसरून त्या तिमाहीची सगळी बिलं आम्ही कॅल्क्युलेटरवर मांडली. आमची सहा आणि बाकीची किरकोळ मिळून बेरीज रिटर्नमधल्या आकड्याशी रुपयाच्या फरकाने जुळली, तो रुपयाही पैशांच्या राउंडिंगचा. काकांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोकळा झाला. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

दाखला त्यांच्या जुन्याच लेटरहेडवर केला. बिल नंबर, तारीख, रक्कम, कर आणि परिपत्रकातलंच वाक्य मराठीत. खाली त्यांची सही आणि शिक्का. शिक्क्याची शाई वाळली होती, दोन थेंब पाणी घालून उमटवला.

या सगळ्यात माझ्या हाती सर्वांत भक्कम पुरावा लागला तो आमच्याच फायलीत. ई-वे बिलं, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचे कागद. १ जुलै २०१८ पासून महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालासाठी एक लाखाच्या वर ई-वे बिल लागतं. आमची सहाही बिलं त्याच्या वरची. त्यामुळे कोल्हापूरहून निघालेल्या प्रत्येक टेम्पोबरोबर ई-वे बिल होतं आणि मी त्याची प्रिंट खरेदी बिलाला स्टेपल करून ठेवते. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आमचा जीएसटी नंबर, बिल नंबर, रक्कम, गाडीचा नंबर, सगळं. म्हणजे हा माल कुणी कुणाला विकला हे सरकारच्या एका यंत्रणेला विक्रीच्या दिवशीच कळलेलं होतं. त्याच सरकारची दुसरी यंत्रणा पाच वर्षांनी विचारत होती, हा व्यवहार झाला कशावरून? हे दोन्ही तपशील समोरासमोर ठेवायला संगणकाला किती वेळ लागला असता? मशीनने फरक काढला तसंच मशीनने हेही जुळवून बघायला हवं होतं. तेवढं झालं असतं तर नोटीस निघालीच नसती.

उत्तर पोर्टलवर डीआरसी-०६ या फॉर्ममध्ये चढवायचं होतं. फाइल ५ एमबीच्या आत हवी. बिलं, ई-वे बिलं, बँकेचा उतारा, दाखला, रिटर्न, परिपत्रक, सगळं स्कॅन करून, आकार कमी करून, पुन्हा वाचता येतंय ना बघून चढवलं. मिस्टरांच्या सहीसाठी पुन्हा ओटीपी. मी मुद्दाम १५ ते २० तारखा टाळून, पहाटे उठून ते काम केलं. पहाटे पोर्टल माणसासारखं वागतं. अर्ज गेल्याचा नंबर पडद्यावर आला त्याचा फोटो काढून ठेवला, शिवाय प्रिंट.

सुनावणीला मी स्वतः गेले. कन्सल्टंट सोबत होते, पण बोलायचं मीच ठरवलेलं, कारण हिशेब माझा होता. अधिकारी तरुण होत्या, टेबलावर गठ्ठेच्या गठ्ठे. २०१८-१९ च्या प्रकरणांत आदेश काढायची शेवटची तारीख ३० एप्रिल २०२४ होती, त्यामुळे त्यांच्यावरही केवढा ताण असेल ते दिसत होतं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून म्हटलं, "मॅडम, २ए मध्ये तर दिसत नाहीये." मी म्हटलं, "दिसणार नाही, मॅडम. बी-टू-सी मध्ये आहे." मी जुळणीचा तक्ता पुढे ठेवला. एका बाजूला काकांचं रिटर्न, दुसऱ्या बाजूला बिलबुकाची यादी, आमची सहा बिलं पिवळ्या रंगात, प्रत्येकापुढे ई-वे बिल नंबर. त्यांनी काकांचा नंबर टाकून त्यांची ३बी स्वतःच्या पडद्यावर उघडली, कर भरलाय का बघितलं, मग परिपत्रकातला परिच्छेद वाचला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "असा तक्ता सगळ्यांनी आणला तर आमचंही काम सोपं होईल."

मला त्या बाईंबद्दल तक्रार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, वाचलं, तपासलं. मला म्हणायचंय ते हे, की त्यांना जे पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्याच पडद्यावर दिसलं ते नोटीस काढण्याआधी दिसू शकलं असतं.

एप्रिल संपता संपता कार्यवाही थांबवल्याचा आदेश आला. तोही त्याच दुसऱ्या जागी.

आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या पावडर कोटिंगवाल्यांची गोष्ट अशी झाली नाही. त्यांचा विक्रेता सापडलाच नाही. विरोधात आदेश आला तर अपिलाला वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात, आणि त्याच्या पुढचं ट्रायब्युनल कायद्यात २०१७ पासून असलं तरी तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं. बँकेचं कर्ज नूतनीकरणाला आलेलं, मागणी बाकी दिसली तर अडचण, म्हणून त्यांनी कर, व्याज, दंड सगळं भरून टाकलं. पुढे त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कलम १२८ए आलं. २०१७-१८ ते २०१९-२० च्या अशा मागण्यांत ३१ मार्च २०२५ पर्यंत नुसता कर भरला तर व्याज आणि दंड माफ. पण ज्यांनी आधीच भरलेत त्यांना परतावा नाही. ते मला म्हणाले, "वहिनी, लवकर भरणाऱ्याची ही शिक्षा का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. १४ तारखेला २बी उतरवते आणि खरेदीशी जुळवते. न दिसणाऱ्या बिलाबद्दल त्याच दिवशी विक्रेत्याला फोन, मेसेज, बिलाचा फोटो. नव्या विक्रेत्याच्या बिलातली कराची रक्कम ते बिल २बी मध्ये आल्यावरच देते. १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून तेही डायरीत लिहून ठेवते. नोटिशींच्या सगळ्या जागा दर सोमवारी उघडते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयएमएस आलंय, त्यात विक्रेत्याने चढवलेलं बिल स्वीकारता, नाकारता किंवा थांबवून ठेवता येतं. चांगली सोय आहे. पण जे बिल चढलंच नाही ते तिथेही दिसत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो.

कर रोखून धरायची ही पद्धत मला मनापासून आवडत नाही. कारण तिचा फटका बसतो तो काकांसारख्याच लहान विक्रेत्याला. पाच कोटींच्या आतले बरेच जण तिमाहीला रिटर्न भरतात. त्यांचं जानेवारीचं बिल आमच्याकडे एप्रिलमध्ये दिसतं, तोवर आमचं क्रेडिट अडकलेलं, त्यांचा पैसा अडकलेला. मोठ्या कंपन्यांनी म्हणून तिमाहीवाल्यांकडून माल घेणंच बंद केल्याचं मी माझ्या ओळखीत बघितलंय. आमच्याकडे सध्या मिरजेचा एक तरुण डिंक आणि स्टिचिंग वायर पुरवतो. त्याचा माल चांगला, बोलणं सरळ. त्याला तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत बिलं चढवायची आयएफएफ ही सोय माहीतच नव्हती. मी त्याला आमच्या ऑफिसात बसवून दाखवलं: ती १३ तारखेपर्यंत भरायची, महिन्याला ५० लाखांपर्यंतची बिलं चालतात, फक्त नोंदणीकृत गिऱ्हाइकांचीच टाकायची. मोबाइल नंबर कुणाचा दिलाय तेही विचारलं. त्याच्या मेहुण्याचा होता. तो आधी बदलून घेतला, आणि पुढच्याच महिन्यात त्याची बिलं आमच्या २बी मध्ये आली.